कच्च्या मालाच्या भावापासून शेअरपर्यंत : बेळगावच्या अभ्यासगटाच्या प्रकल्प नोंदी

१ जून २०२५, रविवार. टिळकवाडी

आजपासून ही वही. जगात काही घडलं, एखाद्या वस्तूचा भाव हलला, की आपल्याकडे लगेच शेअर घेतले जातात नाहीतर विकले जातात. बातमी आणि सौदा यांच्या मधल्या पायऱ्या मात्र कुणी लिहून काढत नाही. त्या लिहून काढणं एवढंच या प्रकल्पाचं काम.

गट घरगुती आहे. उद्यमबागेत फौंड्री चालवणारे मामा, शहापूरच्या काकू (बँकेतून निवृत्त), चिकोडीकडचे ऊसवाले दादा, संगणकाच्या कंपनीत असलेला माझा भाचा आणि मी. मी लहान कारखान्यांचे हिशेब लिहितो, त्यामुळे कच्च्या मालाची बिलं रोज हाताखालून जातात.

भाच्यामुळेच हे सुरू झालं. तो आणि त्याचे मित्र मोबाइलवर ऑप्शनचे (पुढे ठरलेल्या भावाने घ्यायच्या-विकायच्या हक्काचे) सौदे करतात, आणि कारण विचारलं की बातमी सांगतात. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासाप्रमाणे २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे (पुढच्या तारखेचा सौदा आज ठरवलेल्या भावाने) आणि ऑप्शनमध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले, आणि एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांच्या वर होता. यातला काही पैसा आपल्या गल्लीतून गेलेला आहे. मला त्याचं वाईट वाटतं, म्हणून हा खटाटोप.

आमच्या भागात हे काम नीट होऊ शकतं असं मला मनापासून वाटतं, कारण इथे वस्तू डोळ्यांसमोर आहेत. उद्यमबागेत ओतीव लोखंड, यमनापूरला ॲल्युमिना (ॲल्युमिनियम जिच्यापासून करतात ती पूड), चिकोडी-रायबाग-अथणीला ऊस, निपाणीला तंबाखू, खानापूरला काजू आणि भात. पण डोळ्यांसमोर असलेली वस्तू आणि शेअर बाजारातली कंपनी एकच असते असं नाही, हे आज पहिल्याच बैठकीत निघालं.

परवा अमेरिकेने पोलाद आणि ॲल्युमिनियमवरचं आयातशुल्क २५ वरून ५० टक्के करणार असल्याचं जाहीर केलं, ४ जूनपासून. काकूंकडे हिंडाल्कोचे शेअर आहेत. त्यांनी लगेच विचारलं, "आपल्या इंडालच्या कारखान्याचा माल अमेरिकेला जातो का?" हिंडाल्कोच्या इथल्या कारखान्याला बेळगावात अजून सगळे इंडालच म्हणतात. इथल्या कारखान्यात बॉक्साइटपासून ॲल्युमिना होतो, त्यातही विशेष उपयोगाचा, सिरॅमिक आणि रसायन उद्योगाला लागणारा. अमेरिकेच्या शुल्काशी त्याचा थेट संबंध फार थोडा. खरा संबंध नोव्हेलिसचा. अमेरिकेत अटलांटाला मुख्यालय असलेली ही कंपनी हिंडाल्कोने २००७ मध्ये घेतली, आणि आज समूहाच्या एकत्रित विक्रीतला निम्म्याहून मोठा वाटा तिचा आहे. नोव्हेलिस धातू विकत घेऊन, भंगार वितळवून पत्रे बनवते. म्हणजे काकूंचा शेअर यमनापूरच्या रस्त्यावरून दिसणाऱ्या धुराड्यापेक्षा अटलांटातल्या कंपनीच्या हिशेबावर जास्त हलणार.

वहीतला पहिला रकाना ठरला : कंपनी ही वस्तू विकते, की विकत घेते? दोन्ही करत असेल तर कुठलं जास्त?

५ जून, गुरुवार. उद्यमबाग

मामांच्या फौंड्रीत दुपार गेली. बाहेर पावसाची भुरभुर, आत भट्टीची धग. पंपाची आणि हायड्रॉलिकची कास्टिंग (ओतीव भाग) इथे निघतात. कच्चा माल म्हणजे पिग आयर्न (खनिजापासून काढलेलं कच्चं लोखंड), भंगार, कोक, फेरोसिलिकॉन, वाळू आणि ती बांधून ठेवणारं रेझीन. या प्रत्येकाच्या मागे कुठली ना कुठली जागतिक घडामोड असते. कोकच्या मागे ऑस्ट्रेलियातला कोळसा, पिग आयर्नच्या मागे बळ्ळारीकडचं खनिज, रेझीनच्या मागे कच्चं तेल.

मामा म्हणाले, "भाव वाढूलाय म्हणून आमची कमाई वाढत नाही बघ. बिल जुन्याच दरानं जातंय, खरं माल नव्या दरानं घ्यावा लागतोय." मोठ्या गिऱ्हाइकांशी त्यांचा करार असा की कच्च्या मालातला फरक तिमाहीला मोजायचा आणि पुढच्या तिमाहीच्या दरात धरायचा. भाव चढताना मधले तीन महिने फौंड्रीवाला सोसतो. उतरताना तेच तीन महिने त्याला चार पैसे सुटतात, कारण दर जुना आणि माल स्वस्त.

हीच गोष्ट शेअर बाजारातल्या मोठ्या कास्टिंग कंपन्यांना, सुट्या भागांच्या कंपन्यांना लागू पडते. पिग आयर्न वाढलं अशी बातमी आली तर नफा कमी होणार हे खरं, पण किती काळ? करारात फरक वसूल करायची सोय असेल तर दुखणं एका-दोन तिमाहींचं. नसेल तर कायमचं. ही माहिती वार्षिक अहवालात आणि निकालानंतरच्या चर्चेत असते. ती वाचायला बसावं लागतं.

मग मामांनी २०२२ ची फाईल काढली. मला स्वतःला त्या वर्षाइतकं शिकवणारं दुसरं वर्ष माहीत नाही. फेब्रुवारीच्या शेवटी रशियाने युक्रेनवर हल्ला केला. मार्चमध्ये ऑस्ट्रेलियाचा कोकिंग कोळसा (ज्यापासून कोक करतात तो) टनाला सहाशे डॉलरच्या वर गेला. पिग आयर्न भडकलं. सगळे म्हणत होते, पोलादाचे शेअर घ्या. त्यानंतर मे महिन्यात दोन दिवसांत दोन निर्णय आले. २० मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकातल्या लोहखनिजाच्या निर्यातीवरची बंदी उठवली, अकरा वर्षांनी. ज्यांनी ती बातमी वाचून खनिज कंपन्यांचं गणित मांडलं असेल त्यांना एक दिवस मिळाला. २१ मेच्या रात्री केंद्राने लोहखनिजावर ५० टक्क्यांपर्यंत आणि पोलादाच्या बऱ्याच प्रकारांवर १५ टक्के निर्यातशुल्क लावलं. त्यात पिग आयर्नही होतं. सोबत कोकिंग कोळशावरचं आयातशुल्क काढून टाकलं. सोमवारी, २३ मेला, बाजार उघडताच टाटा स्टील सुमारे १२ टक्के आणि जेएसडब्ल्यू स्टील सुमारे १३ टक्के आपटले.

त्याच सोमवारी उद्यमबागेत हायसं वाटलं. निर्यात अडली म्हणजे माल देशात राहणार, पिग आयर्न उतरणार. टाटा स्टीलचा शेअर धरून बसलेल्याला जी बातमी वाईट, तीच पिग आयर्न विकत घेणाऱ्याला चांगली. कोप्पळला कारखाना असलेली किर्लोस्कर फेरस तर पिग आयर्न विकतेही आणि त्यापासून कास्टिंगही करते. तिथे एका शब्दात उत्तर निघत नाही, दोन्ही धंद्यांचे आकडे वेगळे काढावे लागतात.

नोव्हेंबर २०२२ मध्ये ते निर्यातशुल्क काढून टाकलं. जगाचा भाव वाढत होता हे मे महिन्यातही खरं होतं. फक्त तो भाव कंपनीपर्यंत पोचू द्यायचा की नाही हे दुसऱ्याच्या हातात होतं.

दोन रकाने वाढले : फरक किती महिन्यांनी पोचतो, आणि सरकार मध्ये कुठे हात घालू शकतं.

१३ जून, शुक्रवार. रात्री

पहाटे इस्रायलने इराणवर हल्ला केला. ब्रेंट (जगातला तेलाचा भाव ज्यावरून धरतात ते) कच्चं तेल काल बॅरलला ६९ डॉलरच्या आसपास बंद झालं होतं, ते दिवसात एका क्षणी १३ टक्क्यांपर्यंत उसळलं. आपल्याकडे सेन्सेक्स सकाळी हजाराहून जास्त अंकांनी खाली होता, दिवसअखेर ५७३ अंकांची घट राहिली.

भाचा सकाळी नऊलाच दारात. त्याच्या गटात एवढंच फिरत होतं : तेल वाढलं, ओएनजीसी घ्या, रंगाच्या कंपन्या विका. मी त्याला बसवलं आणि वही पुढे केली. सौदा कर किंवा करू नको, पण आधी रकाने भर.

ओएनजीसी तेल काढते आणि विकते, म्हणजे भाव वाढला की कमाई वाढते. बरोबर. पण २०२२ मध्ये तेल चढं असताना १ जुलैला सरकारने देशात निघणाऱ्या तेलावर विंडफॉल कर (अचानक वाढलेल्या नफ्यावरचा) लावला आणि त्या एका दिवसात ओएनजीसीचा शेअर सुमारे १३ टक्के घसरला. हा कर डिसेंबर २०२४ मध्ये रद्द झाला आहे. पण एकदा वापरलेली वाट सरकारला ठाऊक असते, तेव्हा रकान्यात ते लिहायलाच हवं.

पेट्रोल पंपवाल्या सरकारी कंपन्यांचं उलटं. त्या कच्चं तेल घेतात आणि पेट्रोल-डिझेल विकतात, पण विकण्याचा दर वाढवायला त्यांचा हात मोकळा नसतो. एप्रिल-जून २०२२ या तिमाहीत पंपावरचे दर गोठलेले होते आणि त्यांपैकी एचपीसीएलला १०,००० कोटींहून जास्त तोटा झाला. काकूंना हे चांगलं आठवत होतं. त्या म्हणाल्या, "निपाणीच्या पंपावर दर हलत नव्हता तेव्हा आपण खूश होतो. तो पैसा कुणीतरी भरतच होतं की."

रंगाच्या कंपन्यांच्या कच्च्या मालात तेलापासून निघणाऱ्या रसायनांचा वाटा मोठा आहे, हे खरं. पण त्यांच्याकडे गोदामात माल असतो, आणि डब्याचा दर त्या स्वतः वाढवू शकतात. आजच्या तेलाचा परिणाम दिसला तर तो पुढच्या तिमाहीच्या निकालात, आणि तोही तेल तिथे टिकलं तर. विमान कंपन्यांना झळ लवकर लागते, कारण इंधनाचे दर दर महिन्याला बदलतात आणि खर्चातला तो सगळ्यात मोठा भाग. आज मात्र त्यांचे शेअर कालच्या अहमदाबादच्या भीषण अपघातानेही खाली आहेत. त्यातली तेलाची घट किती आणि दुःखाची किती हे वेगळं काढता येणार नाही, आणि काढायचा प्रयत्नही आज करू नये.

रकाने भरेपर्यंत साडेदहा वाजले. तोवर ओएनजीसी वर जाऊन बसलेला होता. भाचा नाराज झाला. मी त्याला २४ फेब्रुवारी २०२२ दाखवला : त्या एका दिवशी सेन्सेक्स २,७०२ अंकांनी पडला, दुसऱ्या दिवशी १,३०० हून जास्त अंकांनी वर आला, आणि एप्रिलच्या सुरुवातीला पुन्हा ६० हजारांवर होता. युद्ध थांबलेलं नव्हतं. ब्रेंट त्याच मार्चमध्ये १३९ डॉलरला शिवून आलं होतं. पहिल्या तासात विकणाऱ्याने घबराट विकली, कंपनीचं गणित विकलं नाही.

१६ जून, सोमवार

सेन्सेक्स ६७७ अंकांनी वर. युद्ध चालूच आहे.

भाच्याचा नवा विचार : शेअर कशाला, सरळ एमसीएक्सवर (वस्तूंच्या वायदे बाजारात) कच्च्या तेलाचाच वायदा करू. त्याच्यासाठी २०२० चं एक पान लिहून ठेवतो. २० एप्रिल २०२० ला अमेरिकेत मे महिन्याचा डब्ल्यूटीआय (अमेरिकी कच्च्या तेलाचा) करार उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. टाळेबंदीने खप थांबलेला, साठवायच्या टाक्या भरलेल्या, ज्याच्या हातात करार त्याला माल उचलायची वेळ आलेली. एमसीएक्सने एप्रिलच्या कराराचा हिशेब बॅरलला उणे २,८८४ रुपयांनी केला. करार शंभर बॅरलचा. तेल शून्याखाली जाणार नाही म्हणून स्वस्तात घेऊन ठेवलेल्या माणसाला एका करारामागे घेतलेल्या किमतीच्या वर दोन लाख ८८ हजार रुपये भरावे लागले. त्या दिवशी आपल्याकडे टाळेबंदीमुळे एमसीएक्स संध्याकाळी पाचलाच बंद होत होतं आणि अमेरिकेतली पडझड रात्री झाली. बाहेर पडायचं दारच बंद होतं.

शेअर घेतलेल्या माणसाचा तोटा शेअरच्या किमतीवर थांबतो. वायद्यात तसं काही नाही. हे वाक्य मी वहीच्या पुठ्ठ्यावर आतल्या बाजूला लिहिलंय.

२४ जून, मंगळवार

बारा दिवसांचं युद्ध थांबल्यासारखं दिसतंय. रविवारी अमेरिकेने इराणच्या अणुकेंद्रांवर बाँब टाकले, काल पहाटे बाजार उघडताच ब्रेंट ८१ डॉलरला शिवून आलं, आणि काल रात्रीपर्यंत ७१ वर. आज युद्धबंदीच्या बातमीने ६७ च्या आसपास. म्हणजे हल्ल्याच्या आधी होतं त्याच्याही खाली.

हा प्रवास नीट समजून घ्यायला हवा, कारण असा प्रसंग पुन्हा येणार. भीती होती होर्मुझच्या सामुद्रधुनीची. जगाच्या रोजच्या तेलखपाच्या सुमारे एक पंचमांश तेल, दिवसाला दोन कोटी बॅरलच्या आसपास, त्या चिंचोळ्या वाटेने जातं. कतारचा द्रवरूप वायूही तिथूनच येतो, आणि भारत तो मोठ्या प्रमाणात घेतो. वाट बंद झाली तर भाव कुठे जाईल ते सांगता येत नाही. पण इराणचं स्वतःचं तेलही त्याच वाटेने बाहेर पडतं आणि चीनला जातं. या बारा दिवसांत एकही मोठा तेलतळ निर्यात थांबेल इतका निकामी झाला नाही. काल संध्याकाळी इराणने कतारमधल्या अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रं सोडली तेव्हा तेल वाढण्याऐवजी सात टक्के पडलं. टीव्हीवर स्फोट दिसत होते आणि भाव उतरत होता. बाजाराने पाहिलं ते एवढंच की उत्तर तळावर आलं, टँकरवर नाही.

काकूंचा प्रश्न होता, मग १३ तारखेला ज्यांनी भीतीने विकलं त्यांनी काय बघायला हवं होतं? माझं उत्तर : माल थांबलाय का, की फक्त थांबेल अशी भीती आहे? १९७३ मध्ये अरब देशांनी खरोखर पुरवठा तोडला आणि भाव काही महिन्यांत चौपट झाला. २०२२ मध्ये रशियाचं तेल युरोपपासून तुटलं, पण भारत-चीनकडे वळलं, म्हणून भाव चढला आणि पुढे वर्षाच्या आत उतरलाही. यंदाच्या जूनमध्ये माल थांबलाच नाही. तीन प्रसंग, तिन्ही युद्धाचे, आणि तिन्हींत शेअर घेणाऱ्याने वेगळं वागायला हवं होतं.

नवा रकाना : माल थांबलाय की भीती? त्याच्या शेजारी अजून एक, बाजाराने किती आधीच धरलंय. या दुसऱ्याचं मोजमाप कठीण आहे. निदान हल्ल्याच्या आदल्या दिवशीचा भाव शेजारी लिहून ठेवायचा, एवढं ठरलं.

भारत आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल आयात करतो. तेल चढलं की डॉलर लागतात, रुपया खाली येतो, मग आयात करणारा प्रत्येक जण पोळतो. मामांचं रेझीनसुद्धा. रुपयासाठी वेगळं पान करायचं आहे.

२९ जून, रविवार. चिकोडी

ऊस. आजची नोंद लांबणार आहे, कारण आमच्या सगळ्या जिल्ह्याचा संसार या पिकावर आहे, आणि साखरेच्या शेअरमध्ये पैसे घालणारे इथे घरटी सापडतात.

दादांच्या शेतात उभा ऊस छान आहे, पाऊस लवकर आल्याने पाण्याची चिंता नाही. बांधावर बसूनच रकाने भरायला घेतले. भाच्याने जागतिक भाव काढला : न्यूयॉर्कची कच्ची साखर पौंडाला १६-१७ सेंट, कित्येक वर्षांतला खालचा भाव. दादा म्हणाले, "साखरेचा भाव न्यूयॉर्कला ठरू दे की. आमचं सगळं दिल्लीत ठरतंय."

दादांचं म्हणणं तपासून पाहिलं, आणि ते जवळजवळ पूर्ण खरं निघालं. कारखान्याने शेतकऱ्याला द्यायची एफआरपी (उसाचा किमान दर) केंद्र ठरवतं : २०१८-१९ ला क्विंटलला २७५ रुपये होती, २०२५-२६ साठी ३५५ जाहीर झाली आहे. साखरेची किमान विक्री किंमत मात्र फेब्रुवारी २०१९ पासून किलोला ३१ रुपयेच आहे. निर्यात किती करायची ते केंद्र ठरवतं. इथेनॉलला किती ऊस वळवायचा आणि तेल कंपन्यांनी ते कुठल्या दराने घ्यायचं तेही केंद्रच. कारखान्याची खरेदी आणि विक्री दोन्ही बाजू जिथे बांधलेल्या, तिथे न्यूयॉर्कचा भाव बघून शेअर घेणारा नेमकं काय बघतोय?

याचा पुरावा २०२३ चा हिवाळा. नोव्हेंबरमध्ये जागतिक भाव २८ सेंटच्या आसपास, बारा वर्षांतला सर्वांत चढा. बातमी वाचून साखरेचे शेअर घेणारे खूप होते. पण जून २०२२ पासून निर्यातीवर बंधनं होती, म्हणजे तो २८ सेंटचा भाव आपल्या कारखान्याला मिळणारच नव्हता. उलट महाराष्ट्र-कर्नाटकात पाऊस कमी झाल्याने देशात साखर कमी पडेल अशी काळजी सरकारला लागली, आणि ७ डिसेंबर २०२३ ला आदेश निघाला की उसाच्या रसापासून आणि सिरपपासून इथेनॉल करायचं नाही. शेअर त्याच दिवशी कोसळले. आठवड्याभराने, १५ डिसेंबरला, १७ लाख टन साखरेइतका ऊस वळवायची मुभा दिली. म्हणजे जागतिक भाव शिखरावर असताना भारतीय साखर कंपनीचा शेअर पडला, आणि पडायचं कारण त्याच टंचाईत होतं जिच्यामुळे भाव चढला होता. जगात साखर महाग म्हणजे आपल्याकडे सरकार सावध, हे गणित दादांना कुठल्याही विश्लेषकाआधी कळतं. पाऊस किती झाला, उतारा (उसातून निघणारी साखर) किती पडेल, लागण किती झाली, हे त्यांना सप्टेंबरातच दिसत असतं.

आमच्या सीमाभागात आणखी एक गाठ आहे. ऊस राज्याची हद्द मानत नाही. कागल-शिरोळकडचा ऊस चिकोडीकडे येतो, इकडचा तिकडे जातो, जिथे दर बरा आणि तोड लवकर तिथे. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने ऊस राज्याबाहेर पाठवायला बंदीची अधिसूचना काढली आणि शेतकरी संघटनांच्या विरोधानंतर काही दिवसांत मागे घेतली. एखाद्या कारखान्याचं गाळप किती होईल याचा अंदाज बांधणाऱ्याने ही वाट खुली आहे की बंद हे आधी बघावं.

आता रेणुका शुगर्स. बेळगावातच मुख्यालय, सौंदत्ती तालुक्यातल्या मुनवळ्ळीला पहिला कारखाना, सुरुवातीला कितीतरी ऊस उत्पादकच भागधारक. या कंपनीची गोष्ट प्रत्येक बेळगावकर गुंतवणूकदाराने नीट वाचावी असं मला वाटतं. २०१० मध्ये तिने ब्राझीलमधल्या दोन साखर समूहांत मालकी घेतली. २०११ च्या सुरुवातीला जागतिक भाव तीस वर्षांतल्या उच्चांकावर, ३५ सेंटच्या पुढे. त्यानंतर तो घसरत गेला, २०१५ मध्ये ११ सेंटच्याही खाली. ब्राझीलचं चलन रिआल त्याच काळात डॉलरपुढे ढासळलं, आणि कर्जाचं ओझं वाढत गेलं. २०१५ मध्ये तिथल्या उपकंपन्यांना न्यायालयाचं संरक्षण मागावं लागलं, आणि २०१८ मध्ये सिंगापूरची विल्मार मुख्य मालक झाली. शेअरचं काय झालं ते गावात पुष्कळांना ठाऊक आहे. इथे दिल्लीपेक्षा जगाचा भाव मोठा ठरला, कारण कंपनीनेच स्वतःला त्या भावाशी जोडून घेतलं होतं. आजही तिच्या कांडला आणि हल्दियाच्या रिफायनऱ्या बाहेरून कच्ची साखर आणून पांढरी करून बाहेर विकतात. त्यांची कमाई कच्च्या आणि पांढऱ्या साखरेच्या भावातल्या अंतरावर असते. साखर वर गेली की रेणुका वर, असं सरळ म्हणणाऱ्याला हे अंतर दिसलेलं नसतं.

तेव्हा साखरेच्या पानावर दादांचं वाक्य ठेवलं, पण खाली लिहिलं : कंपनी देशातल्या उसावर उभी आहे की बाहेरच्या साखरेवर, ते आधी बघणे.

९ जुलै, बुधवार

काल रात्री अमेरिकेच्या अध्यक्षांनी तांब्यावर ५० टक्के शुल्क लावणार म्हटलं. न्यूयॉर्कच्या कोमेक्स या वायदे बाजारात तांबं एका दिवसात १३ टक्क्यांच्या आसपास चढलं, उच्चांक. लंडनच्या एलएमई या धातूबाजारात मात्र तसं काही नाही.

मोटार रिवाइंडिंगवाल्यांचे हिशेब मी लिहितो, त्यातल्या एकाचा सकाळीच फोन, तार भरून ठेवू का म्हणून. त्याला सांगितलं, आपली तार लंडनच्या भावाने चालते, न्यूयॉर्कच्या नाही. अमेरिकेत शुल्काआधी माल भरून घेण्याची घाई आहे, म्हणून तिथला भाव वर. हिंदुस्थान कॉपर आपला दर एलएमईवर धरते, तेव्हा तिच्यासाठीही आजची उडी बिनकामाची.

आणि तांबं शुद्ध करणारा कारखाना तर तांब्याच्या भावावर कमावतच नाही. खाणवाल्याकडून तो शुद्धीकरणाची मजुरी घेतो. जगात गाळायचे कारखाने जास्त आणि खनिज कमी झाल्याने गेल्याच महिन्यात चिलीच्या एका खाण कंपनीने चिनी कारखान्याशी मजुरी शून्यावर ठरवली. तांबं महाग आणि तांबं गाळणारा अडचणीत, दोन्ही एकाच वेळी.

रकाना : कुठल्या बाजारातला भाव?

३१ जुलै, गुरुवार

काल रात्रीचा आदेश : शुल्क फक्त तांब्याच्या नळ्या, तारा, पत्रे यांवर. शुद्ध तांबं वगळलं. कोमेक्स आज वीस टक्क्यांहून जास्त खाली. बोलण्यावर घेतलेलं सगळं आदेश आल्यावर गेलं. रिवाइंडिंगवाल्याने तार भरली नव्हती.

भारतावर २५ टक्के शुल्कही काल जाहीर झालं.

१० ऑगस्ट, रविवार. शहापूर

काकूंकडे बैठक. बुधवारी अमेरिकेने रशियाचं तेल घेतो म्हणून भारतावर आणखी २५ टक्के लावले, २७ तारखेपासून. मामांच्या ओळखीतल्या एका निर्यातदाराने पुढची खेप थांबवली आहे, गिऱ्हाईक सांगेपर्यंत ओतायची नाही म्हणून. तिकडे बातमीत शेअरचे आकडे होते, इथे भट्टीवरच्या माणसांच्या पाळ्या आहेत. या प्रकल्पात आपण जे मोजतोय त्याच्या पलीकडे हे असतं, ते वहीत असायला हवं म्हणून लिहिलं.

आजपर्यंतचे रकाने घेऊन एका पानाचा तक्ता केला. कंपनी विकते की घेते, फरक कधी पोचतो, सरकार कुठे, माल थांबलाय की भीती, आदल्या दिवशीचा भाव काय, कुठल्या बाजारातला. एखादा रकाना रिकामा राहिला तर त्या दिवशी सौदा नाही, एवढा एकच नियम गटाने मान्य केला. भाच्याने त्यात स्वतःहून घातलं : बोलणं की आदेश? तांब्याने शिकवलेलं. रशियाच्या तेलाचं पानही त्यानेच घेतलंय, शुद्धीकरण कंपन्यांना ते स्वस्त तेल बंद झालं तर बॅरलमागे किती फरक पडेल ते तो काढणार आहे. ऑप्शन त्याने सोडलेले नाहीत, पण सौद्याआधी पान भरून मला पाठवतो.

काकूंनी हिंडाल्को ठेवला. त्यांचं कारण पानावर आहे : नोव्हेलिसवर शुल्काचा भार पडेल, पण भारतातल्या ॲल्युमिनियमचा नफा तो झाकेल असं त्यांना वाटतं, आणि त्यांना पाच वर्षं पैसे नको आहेत. मला ते पटलं. तांबं-ॲल्युमिनियमच्या एखाद्या रात्रीच्या बातमीवर त्या विकणार नाहीत.

पुढचं काम. निपाणीच्या तंबाखूचं पान दिवाळीआधी उघडायचं. तिथे एक गोष्ट आधीच स्पष्ट आहे : निपाणीचा तंबाखू विडीचा, आणि सिगारेट कंपन्या घेतात तो व्हर्जिनिया तंबाखू आंध्रचा आणि मैसूरकडचा, तंबाखू मंडळाच्या लिलावातला. तेव्हा निपाणीच्या बाजारात दर पडला म्हणून सिगारेट कंपनीचा कच्चा माल स्वस्त झाला असं धरता येणार नाही. गाळप हंगाम सुरू व्हायच्या आत साखरेचं पान नव्या आकड्यांनी भरायचं : अथणी-रायबागकडची लागण दादा बघतील, निर्यातीचा आणि इथेनॉलचा आदेश कधी निघतो यावर मी लक्ष ठेवणार. रुपयाचं पान काकूंकडे.